अण्णांसाठी जड पटर

‘हातात कानस घेतलीस की थांबायचं कधी ते आधी ठरव,’ करणनं बजावलं होतं. करण म्हणजे सृष्टीचा नवरा. सुप्याच्या एमआयडीसीत एका कंपनीत तो तयार माल तपासतो आणि घरी आला तरी त्याची तपासणी थांबत नाही, पोळीसुद्धा उजेडात धरून बघतो. त्यामुळे सृष्टीनं ते बोलणं कानाआड केलं. शिवाय ती मेकॅनिकल इंजिनीअर होती. कागदावर होती, ही गोष्ट वेगळी. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये मशीन मुलं चालवायची आणि सृष्टी बाजूला उभी राहून ‘सांभाळून रे’ म्हणायची. पहिला वर्ग मिळाला, तो बहुधा त्या सांभाळण्याबद्दलच.

अशा बाईला एकदम गोल्फचा पटर घडवायचं खूळ लागलं, ते वडिलांमुळे.

पटर म्हणजे चेंडू हलकेच ढकलून खळग्यात घालायची काठी. खाली लोखंडाचं छोटं डोकं, वर नळी. रंगनाथअण्णा, म्हणजे सृष्टीचे वडील, फौजेत असताना साहेबलोकांच्या गोल्फच्या पिशव्या वाहता वाहता स्वतः खेळायला शिकले. पेन्शनीत काष्टीला आले, घरामागे हरळीचा तुकडा पाणी घालून, कापून गालिच्यासारखा राखला आणि मधोमध पत्र्याचा डबा पुरला. गावातले म्हणायचे, "फौजी म्हातारपणी गोट्या खेळतंय, अन् तेबी काठीनं!" अण्णांना त्याचं काही नव्हतं. सृष्टीची आई गेली त्या वर्षीसुद्धा रोज संध्याकाळी ते आणि तो डबा, असं चालूच होतं.

मग लकवा आला. पाय सुधारले, पण उजव्या हाताला कापरं राहिलं. हलकी काठी हातात थरथरायची, चेंडू भलतीकडेच जायचा. अण्णा फोनवर नुसतं ‘हं’ म्हणू लागले. एकदा सृष्टी करणबरोबर भेटायला गेली, तर काठी दोडक्याच्या वेलाला आधार म्हणून रोवलेली आणि अण्णा आत पंख्याकडे बघत पडलेले.

"अण्णा, खेळत नाही का?"

"वेलाला काठी लागत होती."

दोडक्याचा इतका राग सृष्टीला आयुष्यात आला नव्हता. तिनं काठी उपटली, वेल सगळा आडवा झाला. परतीच्या वाटेवर ती करणला म्हणाली, "याला जड डोकं हवं. खाली वजन असलं की हात थरथरला तरी काठी कमी हलते. मी वाचलंय. मी करते."

"कशात करतेस? मिक्सरमध्ये?"

मिक्सरमध्ये नाही, खाजाभाईंच्या शेडमध्ये. खाजाभाई त्यांच्याच गल्लीत राहायचे, पंपाचे भाग बनवायचे, आणि जगातल्या कुठल्याही विषयावर त्यांचं मत तयार असायचं.

"हॉकीची काठी ना?"

"गोल्फची, चाचा."

"म्हणजे पोलो. पण मग घोडा कुठंय?"

घोड्याचं मिटल्यावर त्यांनी जेवणाच्या सुट्टीत मिलिंग मशीन द्यायचं कबूल केलं. ओढणी घरी, केस टोपीत, अंगात चाचांचा निळा कोट. तो सृष्टीच्या गुडघ्याखाली यायचा, त्यामुळे ती इंजिनीअर कमी आणि शाळेच्या नाटकातला डॉक्टर जास्त दिसायची.

पहिल्याच दिवशी तिनं कटर उलटा फिरवला. लोखंड कापलं जाईना, नुसता धूर.

"बेटा, कापायचंय की भाजायचंय?" चाचांनी डब्यातून मान वर न करता विचारलं.

मधेच तिनं घरी फोन लावला. दोन वर्षांची ज्ञानेश्वरी आजीजवळ, म्हणजे सृष्टीच्या सासूबाईंजवळ होती. "आई, ज्ञानू ठीक आहे ना?"

"पोरगी हाय ती, उतू जाणारं दूध न्हाई," रतनबाई म्हणाल्या. "आत्ता कुठं डोळा लागला हुता तिचा. ठिव फोन."

तरी हळूहळू जमत गेलं. कटर सुलटा फिरू लागला, लोखंडाच्या चौकोनी ठोकळ्यातून डोकं बाहेर आलं. चेंडूला लागणारी बाजू सपाट, जराशी मागे कललेली, आणि वर नळीसाठी भोक. सृष्टी ते पदराखालच्या बाळासारखं रुमालात गुंडाळून घरी घेऊन आली. इथं थांबली असती तर गोष्ट इथंच संपली असती.

पण कडा होत्या. ताज्या कापलेल्या लोखंडाच्या, बोट लावलं तर चरचरणाऱ्या. आणि सृष्टीच्या घरात ज्ञानू चालायला लागल्यापासून कुठल्याही वस्तूला कोपरा उरलेला नव्हता. टेबलाला स्पंज, कपाटाला रबर, देव्हाऱ्याला चिंध्या. त्यात अण्णांचा हात कापरा. काठी निसटली आणि पायावर पडली तर?

तिनं कानस काढली. एक कड गोल केली. मग समोरची जास्त टोकदार दिसायला लागली, म्हणून तीही. मग पहिली परत. कणकेत पाणी जास्त झालं म्हणून पीठ, पीठ जास्त झालं म्हणून पाणी, तसं चाललं. शेवटी हातात उरलं ते न्हाणीघरातल्या झिजलेल्या साबणाच्या वडीसारखं काहीतरी. फरशीवर ठेवलं तर डुलायला लागलं. नेम धरायची वरची सरळ कड गायब. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं तर वजनही घटलेलं, आणि वजनासाठीच तर हा सगळा खटाटोप.

करणनं ते उजेडात धरलं. "टाचा घासायला झकास आहे."

सृष्टी आधी हसली, मग हसता हसता तिचे डोळे भरले. "अण्णांना लागलं असतं रे."

"लागू दे की! फौजेत होते ते, पाळणाघरात नव्हते."

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा शेडमध्ये गेली. चाचांकडून नवा ठोकळा घेतला, कानस त्यांच्या हातात दिली. "चाचा, मी मागितली तरी देऊ नका."

तिनं ती मागितली. पुन्हा मागितली. चाचांनी सरळ कानस स्टुलावर ठेवली आणि स्वतः वर बसले. "आता उठवून दाखव," म्हणाले. कडांवरून फक्त एक बारीक दगड फिरवायची परवानगी मिळाली, तीही चाचांच्या देखरेखीखाली. आपल्या हातून असली धारदार वस्तू तयार होते आहे याची तिला अभिमानापेक्षा धास्तीच जास्त वाटत होती.

अण्णांच्या जुन्या काठीचीच नळी बसवून ते सगळे काष्टीला गेले. अण्णांनी पटर हातात घेतला, कडेवरून अंगठा फिरवला.

"धार लावलीस का गं?"

"कमी करू का?" सृष्टीच्या तोंडून निघालंच.

"राहू दे." मग त्यांनी वजन तोललं. "जड केलीयस."

"हो."

"या हातासाठी."

आजकाल मोठे खेळाडूही जडच वापरतात, वगैरे उत्तरं सृष्टीनं वाटेत पाठ केली होती. तरी "हो," ती म्हणाली. अण्णांनी पटर भिंतीला टेकवला आणि म्हणाले, "चहा ठेव."

संपलं, असं वाटून ती आत गेली. चहा ठेवला आणि खिडकीशी उभी राहिली, कारण खिडकी असताना न बघणं तिला कधी जमलेलं नाही. अण्णांनी इकडेतिकडे पाहिलं. मग पटर उचलला. हात कापतच होता, पण खालचं डोकं स्थिर होतं. पहिला चेंडू पेरूखाली गेला, पुढचाही. त्यांनी ते वाकून, सावकाश गोळा केले, परत आणून मांडले. आणि मग डब्यात टण् झालं. अण्णांनी झटकन खिडकीकडे बघितलं, सृष्टी झटकन खाली बसली.

"काय करतेस?" करणनं आत येत विचारलं.

"चूप. मी इथं नाहीये."

तेव्हापासून अण्णा संध्याकाळचा फोनच उचलत नाहीत. पूर्वी निदान ‘हं’ तरी होतं. करण म्हणतो, बाहेर खेळत असतील. असतील. किंवा हरळीवर पडलेले असतील. सुप्यातून दोन्हीची रिंग अगदी सारखीच ऐकू येते. आणि दर वेळी गाडी काढून धावायचं नाही असं तिनं करणला कबूल केलंय.

म्हणून सृष्टीची तुम्हाला विनंती आहे. दौंडच्या बाजूनं येताना काष्टी लागली आणि संध्याकाळ असली, तर फौजीचं घर विचारा, कुणीही दाखवेल. प्यायला पाणी मागायचं निमित्त करा, तिचं नाव मात्र घेऊ नका. कुंपणावरून नुसतं डोकवा. अण्णा उभे आहेत ना, एवढं बघा.