शिवेपलीकडची गेडी

मित्रांनो, मला कुणी काठी म्हटलेलं खपत नाही, हे आधीच सांगून ठेवते. काठी गुराख्याच्या खांद्यावर असते, म्हाताऱ्याच्या हातात असते. मी पायाखाली असते आणि तरी माणसाच्या डोक्याच्या वर निघते. मी गेडी आहे. आता जुनी झाले, माझी दोरी कुजली, पण म्हणून काठी झाले नाही.

आम्ही दोघी बहिणी. एक डाव्या पायाची, एक उजव्या पायाची. उजवी ती मी. उभा भरीव बांबू, जमिनीपासून दोन हात वर अंबाडीच्या दोरीनं आवळलेली लाकडाची छोटी पायरी, आणि त्या पायरीवर पोराचं पाऊल. पोरं वरून चालतात, चिखल खाली राहतो. पावसाळ्यात आमच्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या काळ्या मातीत हा खेळ कुणी शिकवावा लागत नाही. ती माती एकदा तळपायाला चिकटली की चप्पल ठेवून घेते आणि माणूस परत करते.

साल शहाऐंशीच्या आसपासचं. इचोड्याच्या सडकेपासून आत, नाल्याकाठी एक गाव. तिथले भगवानराव कापूस आणि ज्वारी करणारे. त्यांनी जिवतीच्या अमावस्येला बांबूच्या बेटातून आम्हाला तोडलं, तासलं आणि आपल्या मुलाला, मारोतीला, दिलं. मारोतीनं सांध्याच्या दोरीवर थोडं रॉकेल सोडलं. त्यानं गेडी चालताना कुरकुर वाजते. ज्याची गेडी वाजत नाही त्याला पोरं विचारत नाहीत.

पहिला धक्का मला त्याच दिवशी बसला. भगवानरावांची आई द्वारकाबाई ओट्यावर बसून वाती वळत होती. तिच्या घरात तिच्या परवानगीशिवाय मांजरही व्यायत नसे. ती नातवाला म्हणाली, "नाच, काय नाचाचं ते पोळ्यापर्यंत. दुसऱ्या दिशी शिवेवर फेकून याचं. गेडी घरात राह्यली तर रोगराई घरात राह्यते."

मी सर्द झाले. अजून माझ्यावर कुणी पाय ठेवला नव्हता आणि माझी तिरडी बांधून झाली होती! मग इतर गेड्यांकडून कळलं की ही आमच्या जातीची रीत आहे. श्रावणभर पोरांना खांद्यावर मिरवायचं आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गावातली खाज, खरूज, ताप, खोकला घेऊन शिवेपलीकडे पडायचं. चांगली चाकरी आणि चांगला पगार!

तरी श्रावण मी गाजवला. नागपंचमीला झोक्याखालून गेले, राखीला आत्याच्या घरी गेले, गल्लीतल्या साऱ्या गेड्यांच्या पुढे गेले. मारोती पोर आडदांड, पण पाय पक्का. गावात कौतुक झालं ते माझं झालं असंच मी समजत होते.

या कौतुकात एकीचेच डोळे मला खुपायचे. मारोतीची धाकटी बहीण चंद्रभागा, घरची चंद्री. दुसरीत होती. रांगती असताना ती बंडीवरून पडली, डावी मांडी मोडली, गावच्या हाडवैद्यानं बांधली. हाड जुळलं पण पाय चार बोटं आखूड राहिला. पायात जोर होता, नुसती उंची नव्हती. ती चालायची ती अशी की एक खांदा पाणी भरायला वाकल्यासारखा खाली जायचा आणि परत वर यायचा. पोरं गोट्या खेळताना ती त्यांच्या गोट्या सांभाळायची, होळीला शेणाच्या चाकोल्या थापायची पण मिरवणुकीत मागं पडायची. आणि ऐका, लंगडीच्या डावातही तिला कुणी घेत नसे. म्हणायचे, तुझी लंगडी खरी आहे, त्यात काय मजा. हे ऐकून बांबूला घाम फुटला, मित्रांनो, पण त्या पोरांना फुटला नाही.

शाळा नाल्यापलीकडच्या गावात होती. चिखलात चंद्रीचा आखूड पाय रुतायचा, तो काढेपर्यंत बाकीची पोरं पाढे म्हणायला लागलेली असायची. भगवानराव खांद्यावर नेऊन सोडत, पण निंदणाच्या दिवसांत त्यांना सवड कुठली? शेवटी द्वारकाबाईनं निकाल दिला की पोळा झाला की पोरीची शाळा बंद. तिची आई वच्छलाबाई काही बोलायला गेली, तर सासूनं तिला ज्वारी पाखडायला बसवलं. चंद्री त्या दिवशी जेवली नाही. तिला शाळा हवी होती. एवढीच तिची मागणी होती आणि ती कुणाच्या गावी नव्हती.

पोळा आला. बैल तोरणाखालून गेले आणि मग पोरांची गेड्यांची शर्यत लागली, मारोतीच्या देवळापासून तोरणापर्यंत. माझा मारोती पुढे होता. तोरण डोळ्यासमोर आलं आणि माझी दोरी सरकली. घाईत बांधलेली होती, पावसानं फुगून सैल पडली होती. माझी पायरी घसरत चार बोटं खाली येऊन अडकली. मारोती तोंडावर पडला आणि सगळं गाव हसलं. तो उठला, आम्हा दोघींना गोठ्यात भिरकावलं आणि मला नावं ठेवून गेला. महिनाभराची शान एका पावलात गेली. मी शेणात पडून होते आणि मला अजून खरं वाटत नव्हतं.

दिवेलागणीच्या आधी चंद्री गोठ्यात आली. तिनं आम्हाला उचललं, गव्हाणीला टेकली आणि चढली. डावा पाय बहिणीच्या पायरीवर, उजवा माझ्या घसरलेल्या पायरीवर. मी डोळे मिटले, आता ही पडणार. ती पडली नाही.

मित्रांनो, तिचे दोन्ही खांदे सारखे होते. जी पायरी घसरली म्हणून मारोती पडला, तिच्यावरच ही पोर आयुष्यात पहिल्यांदा सरळ उभी राहिली होती. तिलाही कळेना काय झालं. तिनं खाली पाहिलं, मग कमरेला हात लावून पाहिला, आणि मग तिचं तोंड उघडं राहिलं ते मिटेचना. ती चालली. गव्हाणीपासून दारापर्यंत आणि परत. बैल कडबा खायचा थांबून पाहत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावची पोरं ओरडत, नाचत गेड्या घेऊन शिवेवर निघाली. मारोती आम्हाला शोधतो तर आम्ही नाही. चंद्रीनं आम्हाला कडब्याच्या गंजीत खोल सारलं होतं. आजी चिडेल म्हणून त्यानं कपाशीच्या दोन पऱ्हाट्या उपटल्या, त्या पोरांच्या गर्दीत शिवेपलीकडे फेकल्या आणि आपल्याला काही माहीत नाही अशा तोंडानं घरी आला. गावानं गेड्या मोजल्या नाहीत. देवानं मोजल्या असतील अशी भीती मात्र मला त्या गंजीत होती.

आणि चार दिवसांत मारोतीला थंडी वाजून ताप भरला.

द्वारकाबाईच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं नारळ फोडला, लिंबू उतरवलं. आपल्याकडून काय राहून गेलं, हे ती घडीघडी सुनेला विचारत होती. सून इचोड्याला डॉक्टरकडे नेऊ म्हणाली, तर तिलाही हो म्हणाली, इतकी ती घाबरली होती. डॉक्टरनं मच्छराचा ताप सांगून गोळ्या दिल्या.

एका दुपारी सगळे निंदायला गेलेले. मारोती झोपलेला, आजी उशाशी. चंद्रीला वाटलं, आजी डुलकी घेते आहे. तिनं आम्हाला गंजीतून काढलं आणि गोठ्यामागं चालायला लागली. रॉकेल तर दोरीत मुरलेलं! मी कुरकुरले. पोळा होऊन गेलेला, साऱ्या गावात एक गेडी नाही, आणि द्वारकाबाईच्या घरामागं गेडी वाजते आहे. ती धावत आली. तिला धावताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

चंद्री वर होती. उतरायचं सुचेना. तेवढ्यात वच्छलाबाई भाकरी न्यायला वावरातून आली, तिनं सासूला पाहिलं, लेकीला पाहिलं आणि हातातली कळशी सोडून दिली. मला वाटलं, आता चूल.

द्वारकाबाई नातीजवळ गेली. तिच्या कमरेची दोन्ही हाडं हातानं चाचपली, एक डावं, एक उजवं. परत चाचपली. मग गेड्यांच्या पायऱ्या पाहिल्या, एक वर, एक खाली. मग तिथंच मातीत बसली. ज्या बाईनं नवऱ्याच्या मरणावर लोकांसमोर टिपूस काढलं नाही असं सांगतात, तिनं पदराचं टोक डोळ्याला लावलं.

"फेकाव लागते," ती म्हणाली. "गेडी घरात चालत नाही."

"मंग मी चालू कशी?" चंद्रीनं विचारलं.

म्हातारीनं आम्हाला काखेत मारलं, पोरीचा हात धरला आणि भर उन्हात शिवेकडे निघाली. वच्छलाबाई मागं रडत, पण सासूला अडवायची तिची छाती नव्हती. शिवेवर मोहाचं झाड, त्याखाली शेंदूर लावलेला दगड. द्वारकाबाईनं आम्हाला दगडापलीकडे फेकलं, रीतीप्रमाणं, जोरानं. माझी पाठ दगडावर आपटली. संपलं, म्हटलं.

मग ती नातीकडे वळली.

"आता जा पलीकडं अन् चढ. गेडी गावात आनू नोको, एवढंच बापजाद्यानं सांगतलं हाये. तू गावाभाईर जाऊ नोको, असं कोनं सांगतलं? शाळा तिकडंच हाये का नाही?"

वच्छलाबाईचं रडणं जागच्या जागी थांबलं. चंद्री आजीकडे पाहतच राहिली. मी मातीत पालथी पडून ऐकत होते आणि मला वाटलं आपटल्यानं माझं डोकं फिरलं असेल.

त्या दिवसापासून चंद्री शिवेपर्यंत लंगडत यायची, मोहाला टेकवलेल्या आम्हाला घ्यायची आणि दप्तर गळ्यात टाकून ताठ शाळेत जायची. येताना आम्हाला परत तिथंच ठेवायची. मारोतीचा ताप गोळ्यांनी उतरला आणि त्यानंच लाजत लाजत माझी दोरी नीट आवळून दिली, पायरी मात्र होती तिथंच ठेवून. शाळेतल्या पंतुलूंनी, म्हणजे गुरुजींनी, पहिल्या दिवशी खडू खाली ठेवला आणि तेलुगूत काहीतरी म्हटलं. मला भाषा येत नाही, पण थक्क झालेला माणूस कोणत्याही भाषेत ओळखू येतो. भुलाबाईची गाणी म्हणायला पलीकडच्या गावातल्या मैत्रिणींनी तिला घरोघर नेलं, आणि पोरींच्या घोळक्यात ती पहिल्यांदा पुढं होती.

हे चालू देतील तर ते गाव कसलं! पलीकडच्या गावाला कळलं की या गेड्या म्हणजे अलीकडच्यांनी टाकलेली रोगराई आहे आणि ती रोज त्यांच्या गावातून फिरते आहे. तिथले जाणते चंपतराव चारपाच माणसं घेऊन शिवेवर आले. कुणाच्या हातात कुऱ्हाड होती. गेड्या इथंच फोडून जाळायच्या, असं ठरवून आले होते. शाळा सुटली होती, चंद्री माझ्यावरच होती. निरोप गेला तशी द्वारकाबाई पदर खोचून आली आणि दगडाच्या अलीकडे उभी राहिली.

चंपतराव शब्दाला शब्द जोडून बोलत होते. तुमच्याबद्दल आदर आहे, पण आमचीही लेकरं आहेत, उद्या काही झालं तर. म्हातारीनं त्यांना बोलू दिलं. मग म्हणाली,

"चंपतराव, तुमी जिले रोगराई म्हनून राह्यले, ते माही नात हाये. तिच्या पायातून तुमच्या गावात काय सांडलं, ते मले बोटानं दाखवा. नाही दाखवता आलं तर कुऱ्हाड खाली ठेवा. अन् गेडी तोडाची असन तर तिले खाली मी उतरवत नाही, तुमी उतरवा."

कुणी पुढं येईना. कुऱ्हाडवाला चंपतरावांकडे पाहू लागला, चंपतराव जमिनीकडे. चंद्री मात्र त्यांच्या डोक्यावरून लांब पाहत होती. ती हळूच म्हणाली,

"आजोबा, तुमच्या कपाशीत बैल घुसले. तीन-चार दिसून राह्यले."

खालून कुणालाच काही दिसत नव्हतं, मधे उभी ज्वारी होती. चंपतरावांनी टाचा उंचावल्या, मग वर पोरीच्या तोंडाकडे पाहिलं, आणि धोतराचा सोगा धरून पळत सुटले. त्यांच्यामागं कुऱ्हाडवाला, त्याच्यामागं बाकीचे. द्वारकाबाई हसली नाही. तिनं फक्त पदर सोडला.

संध्याकाळी चंपतरावांचा माणूस शिवेवर आला. मी धास्तावले. त्यानं मोहाच्या बुंध्याला एक आडवं लाकूड ठोकलं, गेड्या ओल्या मातीत पडू नयेत म्हणून, आणि निघून गेला. इतका धक्का मला कुऱ्हाडीनंही बसला नव्हता.

दोन पावसाळे मी तिला शाळेत नेलं. मग आदिलाबादच्या एका चांभारानं आम्हा दोघींच्या पायऱ्यांच्या उंचीतला फरक मापून डाव्या पायाचा जाड तळाचा बूट शिवला. चंद्री बुटावर चालत शिवेवर आली, आम्हाला आडव्या लाकडाला नीट टेकवलं, आणि तशीच पायी शाळेकडे गेली. पुढं पोरांच्या हातात बॅट-बॉल आले. गेड्या करणारी घरं कमी झाली. माझ्यावर वेल चढले, मुंग्यांनी पेरं पोखरली. कुणी विचारलं नाही. राग आला, नाही असं नाही. इतकी वर्षं उभी राहिलेली बाई आहे मी.

मित्रांनो, जुनी वस्तू फेकू नका असं मी सांगणार नाही. गेड्या शिवेवर टाकायच्याच असतात. पण फेकायला हात उचलाल तेव्हा एकदा नीट पाहा, तिच्यावर अजून कुणी उभं तर नाही.