वल्ह्यावरचा शर्ट

डब्याच्या झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेलं — रत्नम्मा शिवलिंग — आणि शेवटचा ठिपका इतका खोल गेलेला, की पत्र्याला भोकच पडलंय की काय... मलप्पानं अंगठ्यानं चाचपून पाहिलं. भोक नव्हतं. आत धपाटे होते, वर शेंगदाण्याची चटणी. सहाच धपाटे का? आणि सक्काळी सक्काळी, उन्हं यायच्या आत, ती बाई स्वतः येऊन डबा देऊन जाते, ती कशासाठी?

"खावा की," बायको म्हणाली. "विष घातलंय का काय तिनं?"

"तू गप बस."

काल दुपारी धरणात त्यानं रत्नम्माच्या नवऱ्याला, शिवलिंगला, वाचवलं, म्हणून डबा. सरळ गोष्ट. पण सरळ गोष्टींवरचा मलप्पाचा विश्वास महिन्यापूर्वीच उडाला होता — देगलूरच्या बाजारातून आणलेलं त्याचं नवंकोरं जाळं पाण्यातल्या पाण्यात कुणीतरी मधोमध कापलं, त्या दिवसापासून. कुणीतरी कशाला, शिवलिंगनंच! पाहिलं नव्हतं कुणी. पण दुसऱ्या दिवशी काठावर तो हसला होता. हसलाच होता. निदान ओठ तरी हलले होते.

म्हणून काल, पार तिकडं धरणाच्या मधोमध, शिवलिंगच्या तराफ्यावर उभं केलेलं वल्हं आणि त्याला बांधलेला शर्ट दिसला, तेव्हा... आता खरं बोलायला काय हरकत आहे, मनातल्या मनातच तर आहे. वल्ह्याला शर्ट चढला की हातातलं टाकून मदतीला निघायचं, मग बापाचा वैरी का असेना — हे या पाण्यावर कुणी कुणाला शिकवत नाही. पण भिजलेले शर्ट आम्ही वाळवतोही वल्ह्यावरच. वाळत घातला असेल, मी म्हटलं. नाहीतर मुद्दाम बोलावत असेल, आणि मी तिकडं गेलो की त्याचा मेहुणा इकडं माझं उरलेलं जाळं... मी बिडी पेटवली. त्याच्याकडं तोंड करून शेवटच्या झुरक्यापर्यंत ओढली. तराफ्याचा एक कोपरा पाण्यात गेला होता. तो मला दिसला नाही, असं म्हणता येईल का? दिसला होता.

मलप्पा पोचला तेव्हा तराफ्याच्या थर्माकोलचे तुकडे सुटून पांगले होते आणि शिवलिंग गळ्यापर्यंत पाण्यात, पाय स्वतःच्याच जाळ्यात अडकलेला, ओठ काळेनिळे. मलप्पानं जाळं कापून त्याला वर ओढलं. काठ येईपर्यंत शिवलिंग एकच वाक्य बोलला.

"लई टायम लागला."

"वारा आडवा व्हता."

वारा! झाडाचं पान हलत नव्हतं. ज्याचा शर्ट वल्ह्यावर सरळ लोंबत होता, त्यालाच वाऱ्याचं सांगायचं म्हणजे कमालच की. शिवलिंग तोंड फिरवून पाण्याकडं बघत राहिला.

रिकामा डबा परत द्यायचा नसतो, म्हणून बायकोनं त्यात गूळ घातला आणि बघून या म्हणाली. वाटेत मलप्पानं सगळी तयारी केली. तो म्हणेल, बिडी वढत बसला होतास. आपण म्हणायचं, आधी जाळ्याचं बोल. होऊन जाऊ दे एकदाचं. त्याला चक्क हुरूप आला, पाय भराभर पडायला लागले.

शिवलिंग बाजेवर पडला होता, पायाला पट्टी. मच्छीमार सोसायटीची चार माणसं भोवती बसलेली. मलप्पा दिसताच तो कोपरावर उठला.

"ह्यो बघा आला. शर्ट बांधून हात खाली घ्यायच्या आत ह्यो माणूस निघाला व्हता!"

आणि सरळ मलप्पाच्या डोळ्यात पाहिलं.

"वा रे पठ्ठ्या!" कुणीतरी पाठीवर थाप मारली. रत्नम्मा पदर डोळ्याला लावून म्हणाली, "भाऊजी, तुमी व्हतात म्हणून हायेत हे."

हा टोमणा आहे. नाही, धाक आहे — पुढं कधीतरी काढायला जपून ठेवतोय. की गळ्याशी पाणी आल्यावर माणसाला वेळ कळतच नाही? की जाळं यानंच कापलं, आणि हा असा फिटंफाट करतोय? की... की यानं कापलंच नव्हतं, आणि सगळं पाहूनही मला झाकतोय? या शेवटच्या विचाराशी त्याचा अंगठा डब्याच्या झाकणावरच्या त्या खोल ठिपक्यावर जाऊन थांबला.

"सांग की मलप्पा, कसं झालं?"

सगळे त्याच्याकडं बघत होते. शिवलिंगही.

"हाव," तो म्हणाला. "लगेच निघालो."

शिवलिंगनं मान हलवली आणि डोळे मिटून घेतले. मलप्पाला भयंकर राग आला. एक शिवी हासडायची होती शिवलिंगनं, चारचौघांत, थोबाडीत मारायची होती; मग भांडता आलं असतं. आता कुठल्या तोंडानं भांडू? रत्नम्मानं चहाचा कप पुढं केला आणि त्यानं तो घेतला — त्यानं कसला, मीच घेतला.