लाल चुनरीखालची पालवी

रामघाटावर ढुंढिराज गुरुजींच्या अंगणात सकाळपासून पाय ठेवायला जागा नव्हती. सगळा कडुनिंब निष्पर्ण, आणि एका बाबाने लाल चुनरी बांधलेल्या एकाच फांदीच्या टोकाला, चुनरीतून डोकावणारी तांबूस, लुसलुशीत पालवी. लोक हात जोडून, मोबाईल उंचावून उभे होते. मला मात्र एका जागी उभं राहवेना.

पाडव्याला गुढीला बांधायला कडुनिंबाचं एक पान मिळालं नव्हतं. काशीतल्या इतर घरांना त्याचं काय? पण आम्हा मराठी मंडळींवर आभाळच कोसळलं. गुरुजींच्या पत्नी प्रभावतीकाकूंनी तर अन्न टाकलं, आणि कुणीतरी हा बाबा आणला.

"देखो भक्तों," बाबा गरजला, "एक डाली पर मैया ने हाँ कर दी. बाकी पेड़ नई बहू के पाँव ने सुखाया है. वो मायके जाए, और पेड़ हरा न हो, तो मेरी जटा काट लेना." ती जटाही खोटीच असावी, असा मला दाट संशय होता.

नवी सून वैदेही बॅग घेऊन दारात उभी होती. संध्याकाळच्या गाडीचं नागपूरचं तिकीट काढलेलं. नवरा केयूर खाली मान घालून शेजारी. कडुनिंब आज ना उद्या पालवणारच होता. ती गेल्यावर पालवला, की पोर जन्मभराची अपशकुनी ठरणार.

तेवढ्यात माझी बायको सुनीती आली. ती कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. या झाडाची एक फांदी आमच्या गच्चीवर झुकते, तिचा शेंडा तिने कापून आणला होता. त्यालाही तांबूस पालवी.

"ही कुठल्या मंत्राची?" काकूंनी विचारलं.

"पन्नीची," सुनीती म्हणाली आणि तिने बाबाची चुनरी सरळ सोडली. आत पारदर्शक प्लास्टिक, घामेजलेलं. "आठ दिवसांपूर्वी हा बांधत होता तेव्हा गच्चीतून पाहिलं. मग मीही बांधलं. आत ऊब आणि ओल टिकते, कोंब लवकर फुटतात. यंदा थंडी लांबली, म्हणून बाकीचं झाड थांबलंय."

"पण पाडव्याला पानं असतातच की," गुरुजी म्हणाले.

"गुरुजी, यंदा पाडवा एवढा लवकर कसा आला?"

आयुष्य पंचांगात घालवलेले गुरुजी ओशाळले. "तिथी सूर्याच्या मानाने अलीकडे सरकत जाते. म्हणून तर अधिक मास घालतो आम्ही. यंदा आहेच तो."

"झाड पंचांग बघत नाही, गुरुजी. त्याला ऊन कळतं."

बाबा एव्हाना पायऱ्या उतरून नावेत बसला होता. त्याला कुणी अडवलंही नाही.

काकूंनी आत न्यायला वैदेहीच्या बॅगेला हात घातला. तिने बॅग सोडली नाही. "आई, सुनीतीकाकू गच्चीवर नसत्या, तर आज मी गाडीत असते ना?"

काकूंचा हात बॅगेवरून खाली आला. शेवटी गुरुजीच म्हणाले, "असतीस, बाळ."

वाचकहो, झाडाला पालवी का आली नाही हे थंडीला विचारा, उन्हाला विचारा, जाणत्या माणसाला विचारा. त्यासाठी सुनेला घराबाहेर काढावं लागत नाही.