फाटकाला बांधलेला पट्टा

मित्रांनो, मी एक जुना व्ही-बेल्ट आहे आणि डूख धरणारा आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

काटोलच्या चंपतरावांच्या मोटारीत आम्ही दोघे जुळे भाऊ. खाली निमुळते, पुलीच्या खाचेत गच्च बसणारे. पंखा, पाण्याचा पंप, डायनामो आम्हीच फिरवायचो. उमरेडच्या रस्त्यावर भाऊ तुटला, तरी मी एकट्याने मोटार घरी आणली. त्या दिवशी ड्रायव्हर बळीरामने मला फडक्याने पुसले होते.

शहाऐंशी साली चंपतरावांचा जावई मधुसूदन परदेशी गाडी घेऊन आला. तिच्यात एकच लांबलचक चपटा पट्टा, सगळ्या पुल्यांना वेटोळे घालून बसलेला. स्टिअरिंगसुद्धा त्याच्यावरच. टिकतो खूप, पण गेला की सगळे घेऊन जातो, असे बळीराम पुटपुटला. पण जावयापुढे कोण बोलणार? मधुसूदनने जुनी मोटार बंद करायला लावली, मला काढून दोरीसारखे फाटकाला बांधले आणि वर हसला. मी उन्हात लटकत मनात गाठ मारली.

त्या पट्ट्याला बळीराम नागोबा म्हणायचा. झाले! नागपंचमीला सासूबाई रुखमाबाईंनी बॉनेट उघडायला लावले आणि मोठ्या भक्तीने त्याला हळदकुंकू, दूध आणि मूठभर लाह्या वाहिल्या. मी फाटकावरून सगळे पाहत होतो. मला तोंड असते तरी बोललो नसतो.

त्याच दुपारी बाळंतपणाला माहेरी आलेल्या मधुसूदनच्या बायकोला, लतिकाला, कळा सुरू झाल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अडलेली आहे, ताबडतोब नागपूरला न्या. गाडी वेशीपर्यंतच गेली. भिजलेल्या लाह्या खाचांत चिकटल्या, नागोबा पुलीवरून उडाला आणि त्याच्या चिंध्या झाल्या. स्टिअरिंग हलेना, इंजिनातून वाफा. मला आनंद झाला, सांगायला लाज कसली?

बळीराम धावत घरी आला, मागोमाग मधुसूदनही, आणि बळीराम मला फाटकावरून सोडवून जुन्या मोटारीत बसवू लागला. मधुसूदनचा चेहरा उतरला होता.

"बळीराम, हा टिकेल का?"

"त्यालेच विचारा, जावईबापू. फाटकाले तुमीच बांधला ना."

मधुसूदनने खरोखर माझ्यापुढे हात जोडले.

कळमेश्वरजवळ मला तुटावेसे फार वाटले. एक झटका, की सूड पुरा. पण मागे लतिका कण्हत होती, आणि तिच्यावर माझा राग नव्हता. कडेचे धागे सुटत होते, तरी धरून राहिलो.

पोचताच मुलगी झाली. दोघी सुखरूप. मधुसूदन हसत बाहेर आला, बॉनेट उघडून त्याने माझ्यावर कौतुकाने हात ठेवला. मी अजून तापलेलाच होतो. असा चटका दिला की ओरडला!

मित्रांनो, आम्ही झिजलो की खुशाल बदला, पण हसून फाटकाला बांधू नका. मधुसूदनच्या तळहातावर माझा डाग अजून आहे, लेकीला कडेवर घेताना तो त्याला रोज दिसायचा.