गालातला तुकडा

लाखोळीची कोवळी भाजी खुडताना गुणाबाईची बोटं पुन्हा पांढरी पडली, चुना लावल्यासारखी. मग निळी झाली. शेजारच्या बांधीतल्या बायका भाजी तशीच टाकून उठल्या.

काही वर्षांपूर्वी मोहर्लीकडच्या जंगलात मोहफुलं वेचताना अस्वलाने तिचा गाल फोडला होता. नागपूरच्या डॉक्टरांनी आत सिलिकॉनचा तुकडा बसवून तिला तिचा चेहरा परत दिला. पुढे मात्र बोटं सुजली, आखडली. अंगाची कातडी ताणून टणक झाली. अशातच तिने कुरवाळलेलं शेजाऱ्याचं वासरू मेलं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, पण गावाला कावळाच दिसला. बाई करणी करते, असं ठरून गेलं.

तिचा नवरा पत्रू भला माणूस. तो तिला घेऊन पुन्हा नागपूरला गेला. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की शरीराची राखण करणारी शक्तीच शरीरावर उलटली आहे. त्या तुकड्यामुळे झालं का, याचा अभ्यास चालू आहे, पण तसं सिद्ध झालेलं नाही. तुकडा नसलेल्यांनाही हा आजार होतोच. औषध चुकवू नका, आणि हिला थंडीपासून जपा, नाहीतर बोटं जातील.

गावची बैठक बसली, तेव्हा बायको वाचेल या भाबड्या आशेने पत्रूने सगळं जसंच्या तसं सांगितलं. झिंगू मांत्रिकाने त्यातलं हवं तेवढं उचललं.

"पाहा, डॉक्टरबी नाई म्हनत नाई. तिच्या आंगात परकी वस्तू हाये. ते निंगेपर्यंत बाई गावाबाहेर राहीन."

बैठकीत शिकलेसवरलेलेही होते. ते खाली मान घालून बसले, याचीच जास्त चीड येते. सासू बायनाबाई तेवढी म्हणाली, की सुनेला एक कांबळं तरी द्या. ऐन पौषात गुणाबाई शेतातल्या खोपडीत राहायला आली. डॉक्टरीणबाईंची शंका गावाने जपली आणि खात्रीची गोष्ट वाऱ्यावर सोडली. औषधं संपली, तरी नागपूरची वाट कुणी धरली नाही.

बोटांची टोकं काळी पडू लागली. पत्रू रोज डबा आणी, शेताच्या कडेला धुऱ्यावर ठेवी आणि लांब उभा राही. धुऱ्याच्या पुढे जायचं नाही, असं बैठकीत ठरलं होतं. एका सकाळी तिने विचारलं,

"म्या करनी केली, असं तुमाले वाटते काय?"

"नाई," तो म्हणाला. "कधीच वाटलं नाई."

"मंग मले घरी काऊन नाई नेत?"

"गाव आपल्याले वाळीत टाकीन, गुणा."

डोळे पुसत तो वळला. गुणाबाईने डबा मांडीत घेतला. झाकण घट्ट बसलं होतं. बोटं वळेनात. दातांनी ओढायला गेली, तर आखडलेलं तोंड तेवढं उघडेना. तिने हाक मारली. पत्रू थांबला, त्याने मागे पाहिलं, मग गावाकडे पाहिलं. पारावर माणसं उभी होती. तो तसाच चालू लागला.

भात निवेपर्यंत गुणाबाई त्या बंद डब्यावर बोटं शेकत बसली.