चाचणीचा नंबर

मास्तर आजारपणात गेला आणि त्याचा प्रोग्रॅम माझ्या गळ्यात पडला. त्याला आम्ही मास्तर म्हणायचो, कारण कुठलीही गोष्ट दोनदा समजावल्याशिवाय तो सोडायचा नाही. पण सगळं तोंडी. लिहून दे म्हटलं की अंगठा दाखवायचा. आता तो प्रोग्रॅम काय करतो, कसा चालवायचा, बिघडला तर काय करायचं, हे मी लिहून काढायचं होतं. ऑफिसात माझं कामच ते. मी लिहिलेलं एरवी कोणी वाचत नाही. काही पेटलं की मात्र सगळे माझ्याच टेबलाशी येऊन उभे राहतात.

पैसे घेणं, नकाशे दाखवणं, मेसेज पाठवणं अशी कामं आमची कंपनी बाहेरच्या कंपन्यांकडून करून घेते. त्यासाठी प्रत्येक कंपनी आम्हाला एक चावी देते. चावी म्हणजे अक्षरं आणि आकडे यांची लांबलचक ओळ. ती बंद पडली की ग्राहक आमच्या नावाने शंख करतात. म्हणून मास्तरचा प्रोग्रॅम रोज सकाळी सगळ्या चाव्या लावून बघायचा. बाकीच्या कंपन्यांना नुसतं विचारून भागायचं. मेसेजवाली मात्र खडूस, तिची चावी तपासायची तर कुणाला तरी खराखुरा मेसेज पाठवावाच लागे. त्यासाठी प्रोग्रॅममध्ये 'चाचणीचा नंबर' असा एक रकाना होता आणि त्यात एक मोबाइल नंबर भरलेला होता.

तो कोणाचा, हे कुणालाच माहीत नव्हतं. सगळ्यांनी खांदे उडवले. मला असलं अर्धवट काम खपत नाही. या कामापुरतं मला मास्तरच्याच टेबलावर बसवलं होतं. मी तिथला फोन उचलला आणि नंबर फिरवला.

पहिल्याच रिंगला उचलला गेला, पण कोणी बोलेना. नुसता श्वास ऐकू येत होता. मग एका वयस्कर बाईंचा आवाज आला.

"कोण आहे?"

मी कंपनीचं नाव सांगितलं.

"या नंबरवरून तो फोन करायचा," त्या म्हणाल्या. "मी त्याची आई."

त्यांच्या मोबाइलवर त्याचं नाव उमटलं असणार.

"चुकलं माझं, काकू," मी म्हणाले. "एक विचारायचं होतं. तुम्हाला रोज सकाळी आमच्याकडून मेसेज येतो का?"

"येतो की. 'चावी चालू आहे.' आजही आला."

"तुमचा नंबर त्यानेच टाकला होता?"

"त्यानेच. मी सारखी फोन करायचे ना, पोचलास का, पोचलास का. एकदा वैतागला. म्हणाला, आई, मी खुर्चीत बसलो की पहिलं हेच काम करतो. हा मेसेज आला की समज पोचलो. उगाच माझं डोकं खाऊ नकोस." त्या जराशा हसल्या.

मला हसता येईना. मला पुढचं ठाऊक होतं. रजेवर जाताना त्याने प्रोग्रॅम आपोआप चालेल असं करून ठेवलं होतं. आम्हाला वाटलं, आमची सोय बघितली. तो दवाखान्यात पडून होता आणि त्याची आई दूर आपल्या घरी रोज सकाळी पोरगा कामावर पोचल्याचं वाचत होती.

"मला थांग लागू दिला नाही गं," त्या म्हणाल्या. "शेवटी त्याच्या मित्राने कळवलं. मी गेले तेव्हा बोलणं बंद झालं होतं. त्या मेसेजने फसवलं मला. राग येतो त्याचा. तरी रोज आला की उठते, तोंड धुते. मी काही खुळी नाही, तो गेलाय हे मला कळतं." मग त्यांनी विचारलं, "बंद करणार का तुम्ही?"

"बघते," मी म्हणाले. आमच्याकडे 'बघते' म्हणजे 'नाही', पण त्यांना ते कुठून माहीत असणार?

मी साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. "मला काय कळत नाही का?" ते म्हणाले. "पण बाहेरच्या माणसाच्या फोनवर आपल्या चाचण्या नाही पाठवता येत. ऑफिसचा मोबाइल आहे, त्याचा नंबर टाक."

मी भांडले. पण बरोबर बोलणाऱ्या माणसाशी किती भांडणार? मग मी चालढकल केली. हे वाक्य बदल, तो परिच्छेद पुन्हा लिही. एरवी कामचुकारांना मीच झापते. शेवटी नंबर बदलला, घरी गेले आणि जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझ्या मोबाइलवरून काकूंना मेसेज पाठवला. 'चावी चालू आहे.' तिसऱ्या दिवशीही पाठवला. मग रोजच. मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते.

एका दुपारी काकूंचाच फोन आला.

"तू पाठवतेस ना?"

मी हो म्हणाले.

"पहिल्याच दिवशी कळलं. नंबर वेगळा दिसतो ना गं."

दिवसभर लोकांना बारकावे समजावणारी मी, आणि एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती.

"काकू, मला वाटलं, तुम्हाला तेवढंच..."

"माया आहे तुझी. पण नको पाठवूस." त्यांचा आवाज अगदी शांत होता. "त्या प्रोग्रॅमला ठाऊकच नव्हतं, तो गेलाय ते. त्याच्या लेखी माझा पोरगा अजून नोकरीवर होता. सकाळी तेवढा एक जण होता असा. तुला तर ठाऊक आहे."

मी रडायला लागले, भर ऑफिसात, मास्तरच्या टेबलावर. आणि ज्यांचा मुलगा गेला होता त्याच मला 'उगी, उगी' म्हणत होत्या.

दुसऱ्या दिवशी मी मेसेज पाठवला नाही. सकाळी साहेबांच्या खणात ऑफिसचा मोबाइल एकदा वाजला. कोणी उठून बघितलंही नाही.