तानूअक्कांची खिडकी

१९६३ साली बंगळूरला, चिकपेटजवळच्या एका गल्लीत मी वेल्डिंग करायचो, आणि माझ्या हातून एका यंत्राला घराची खिडकी बसली.

यंत्र म्हणजे दुसऱ्या महायुद्धातून उरलेला, माती खणायचा एक्स्कॅव्हेटर. चालवायचे रघुजी अण्णा. रस्ता रुंद करायचा म्हणून ते तानूअक्कांचं घर पाडत होते. अक्का समोरच लेकाकडे राहायला गेल्या होत्या. रोज ओट्यावर बसून, आपलं घर नीट पडतंय ना, यावर लक्ष ठेवायच्या.

सोमवारी एक वीट केबिनची काच फोडून थेट अण्णांच्या डब्यात, भाकरीवर येऊन बसली. अण्णा म्हणाले, "स्वल्पात वाचलो."

त्यांची बायको, चंपावहिनी, ऐकेनात. "केबिनला जाळी बसल्याशिवाय त्यावर चढलात, तर मी चालले माहेरी, निपाणीला. कायमची." ट्रंकही भरली.

ठेकेदार प्राणेश म्हणाले, "जाळी मद्रासहून यायला सहा महिने. आणि शनिवारपर्यंत घर पडलं नाही तर मी दुसरा ड्रायव्हर बघतो."

म्हणजे शनिवारी अण्णांची नोकरी जाणार, नाहीतर बायको.

"तुला काय वाटतं?" अण्णांनी मला विचारलं. मला जे वाटत होतं ते वहिनी मागे उभ्या असताना सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून मी जाळी शोधायला लागलो.

पाडकामात दारं-खिडक्या आधी काढून ठेवतात. त्या ढिगात अक्कांच्या पुढच्या खोलीची लोखंडी जाळी होती. बोटभर जाड गज, मधे समोरासमोर दोन मोर, खाली भाजी घ्यायला छोटी झडप. अक्का म्हणाल्या, "ने. पण मोर उलटे लावू नको."

फुटक्या काचेच्या जागी जाळी बसवली, अक्कांच्याच फाटकाचे गज केबिनच्या डोक्यावर. चहा आत घ्यायला बरी म्हणून झडप राहू दिली. तिथं चुकलो.

बुधवारी भाजीवाला देवाप्पा आला. चाळीस वर्षं तो त्याच खिडकीशी थांबायचा. खिडकी हलली, तोही हलला. यंत्रासमोर उभा राहून ओरडला, "अक्का, कोत्तंबरी!"

अक्का रस्ता ओलांडून आल्या आणि केबिनमध्ये चढल्या. "रघू, स्वल्प सरक." झडप उघडून भाव करायला लागल्या. अण्णा लिव्हर पोटाशी धरून कोपऱ्यात. गुरुवारी पोस्टमन आला. मग शेजारणी.

शुक्रवारी प्राणेश ओरडले, "भिंत अजून उभी का?"

"अक्कांचं पत्र वाचून व्हायचंय," अण्णा म्हणाले.

शनिवारी अक्का आपण होऊनच खाली उतरल्या. अण्णांनी शेवटची भिंत ओढली. वरची सागवानी तुळई फिरली आणि सरळ केबिनवर आली.

धुळीत काही दिसेना. जाळी टिकते का बघायला चंपावहिनी ट्रंक घेऊनच आल्या होत्या, ती टाकून धावल्या. तेवढ्यात झडप उघडली, आतून अण्णांचा हात आला. हातात कोथिंबिरीची जुडी. "अक्कांची राहिली होती."

वहिनींनी ती जुडी घेतली आणि त्याच हातावर दोनदा मारली. मग रडल्या. ट्रंक घरी नेऊन ठेवायचं काम मला मिळालं.

एका मोराची मान वाकून पार मागे वळली होती. "सरळ करून देऊ?" मी विचारलं.

"नको," अक्का म्हणाल्या. "मागं बघतोय, बघू दे."

सहा महिन्यांनी मद्रासची जाळी आली. अण्णांनी ती स्वतःच्या घराच्या खिडकीला बसवली. माकडं फार होती. अक्कांच्या घराच्या जागी आता रस्ता आहे, चांगला रुंद. त्या भेटल्या की विचारायच्या, "माझी खिडकी सध्या कुठं आहे रे?"

"यंत्राबरोबर देवनहळ्ळीला, अक्का."

"सरी, बरंय. हवा चांगली आहे तिथली."